चूक कुणाबरोबर फिरते

माझ्या कामाच्या टेबलावर भिंतीत एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला पितळी पत्र्याचा एक चौकोनी तुकडा टांगलेला आहे. बाजू ३४ मिलिमीटर, जाडी अर्धा मिलिमीटर. मध्ये मोठं गोल भोक, चार कोपऱ्यांत चार लहान भोकं आणि एका कोपऱ्यावर कानशीनं मारलेली छोटी खाच. बघणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही. माझे मात्र त्या तुकड्यावर कितीतरी रविवार गेले आहेत. मॉडेल विमानाच्या एका जुन्या इंजिनाच्या मागच्या झाकणाचा तो फर्मा आहे. झाकणाखालचं गॅस्केटही, म्हणजे सांधा गळू नये म्हणून मध्ये घालायचा कागदी थर, त्यावरूनच कापायचं.

फर्मा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. टेम्प्लेट म्हटलं तरी हरकत नाही, पण साचा म्हणू नये. साच्यात काहीतरी ओततात आणि आकार आपोआप येतो. फर्मा नुसता वर ठेवायचा, त्याच्या कडेनं रेघ मारायची, पुढचं सगळं हातानं करायचं. त्यामुळे फर्म्यात चूक असली तर ती त्या वेळी दिसत नाही. त्यावरून कापलेल्या प्रत्येक तुकड्यात ती निमूटपणे उतरत राहते, आणि आपण दोष देतो हाताला, नाहीतर ड्रिलला.

इंजिन दोन-स्ट्रोक, ग्लो प्लगवर चालणारं. या छंदातले लोक त्याला ‘चाळीस’ म्हणतात, कारण त्याचा आकार ०.४० घन इंच, म्हणजे साधारण साडेसहा सीसी. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. सुरू करताना बॅटरी लावून ती लाल करायची, इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांची क्रिया आणि दर फेरीला होणारं ज्वलन यांच्या उष्णतेवर तार तापलेलीच राहते. १९४७ मध्ये रे आर्डेन या अमेरिकन कारागिराचा ग्लो प्लग बाजारात आला, आणि छोट्या विमानाला इग्निशन कॉइल आणि बॅटरी पाठीवर घेऊन उडायची गरज उरली नाही. एवढ्याशा तारेनं केवढं ओझं उतरवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

इंधनात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि वंगण म्हणून एरंडेल. इंजिनाच्या दृष्टीनं एरंडेलासारखा सखा नाही, पण त्याची एक खोड आहे. तापून तापून ते तपकिरी लाखेसारखं होतं आणि दोन भागांच्या सांध्यात घट्ट चिकटून बसतं. माझ्या इंजिनाचं मागचं झाकण उघडलं तेव्हा आतलं कागदी गॅस्केट तीन तुकड्यांत बाहेर आलं. नवीन मिळायची सोय नव्हती, त्या नमुन्याचे सुटे भाग कधीच बंद झाले होते. शिवाय मला झाकणच नवं करायचं होतं. मूळ रचनेत इंधनाची सुई, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, कार्ब्युरेटरवरच होती, म्हणजे फिरत्या पंख्याच्या अगदी मागे. सुई फिरवताना बोटं पंख्यापासून चार अंगुळांवर असायची. ती सुई मागे, झाकणावरच्या एका कोनाड्यात घ्यायची, अशी माझी कल्पना होती. म्हणजे आधी गॅस्केट आणि मग झाकण.

मी केलं ते कुणीही पहिल्यांदा करेल तेच. गॅस्केटचे तीन तुकडे काचेवर जुळवून ठेवले, वर ट्रेसिंग पेपर ठेवून टोकदार पेन्सिलीनं आकार काढला, तो गॅस्केटच्या कागदावर उतरवला आणि कापला. बसवलं. बोल्ट आवळले. इंजिन सुरूही झालं. पण ते एका जागी राहीना. मंद गतीवर आणलं की आपोआप वेग घ्यायचं, सुई नेहमीपेक्षा एक पूर्ण आटा जास्त उघडावी लागत होती, आणि अर्ध्या मिनिटात हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोपणाला, हात लावायची सोय राहत नव्हती.

मागचं झाकण जिला बंद करतं ती पिस्टनखालची पोकळी म्हणजे क्रँककेस. दोन-स्ट्रोक इंजिनात ती नुसती पेटी नसते, तोच त्याचा भाता असतो. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि इंधन-हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन वरच्या बाजूला जातं. मागच्या झाकणाचा सांधा गळका असेल तर भाता कार्ब्युरेटरमधून ओढतो आणि सांध्यातूनही ओढतो. सांध्यातून येते ती कोरडी हवा. मिश्रणात इंधन कमी पडतं, एरंडेलही कमी पडतं, आणि इंजिन तापायला लागतं. माझं इंजिन मला हेच सांगत होतं. मी ऐकलं नाही, सुई उघडत राहिलो.

ज्यांच्याकडून मी हे काम शिकलो त्या काकांना इंजिन दाखवलं. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. त्यांनी झाकण उघडलं, माझं गॅस्केट चिमटीत धरून उजेडाकडे केलं आणि विचारलं, “हे कशावरून काढलंस?”

“जुन्या गॅस्केटवरून.”

“अरे, जुनं गॅस्केट म्हणजे अंगावर वापरलेला सदरा. नवा सदरा शिवताना माप अंगाचं घ्यायचं की फाटक्या सदऱ्याचं?”

मला एकदम लख्ख दिसलं. ते गॅस्केट तेल पिऊन फुगलं होतं, वर्षानुवर्षं दाबून दाबून कडेला पसरलं होतं, बोल्ट आवळताना भोकं ओढली गेली होती, आणि शेवटी मी ते उचकटताना ताणलं होतं. ते कापलं गेलं त्या दिवशीचा आकार त्यात राहिलाच नव्हता. मी झीज आणि ताण यांचा फर्मा काढला होता. कस्टम भाग करणाऱ्या नवशिक्यांपैकी बहुतेकजण इथेच चुकतात, असं माझं आता ठाम मत आहे. हातात असलेल्या भागाची नक्कल करू नये. तो भाग जिथे बसतो त्या जागेचं माप घ्यावं.

मग मी जागेचं माप घ्यायला बसलो. क्रँककेसच्या मागच्या तोंडावर चार भोकं, एम-३ म्हणजे ३ मिलिमीटरच्या बोल्टाच्या आट्यांची. दोन भोकांमधलं अंतर थेट मोजता येत नाही, कारण केंद्र म्हणजे हवेतला बिंदू, तिथे व्हर्निअरचे, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या सरकपट्टीचे, जबडे टेकवणार कशाला? म्हणून भोकांत घट्ट बसतील अशा पिना घालायच्या, दोन पिनांच्या बाहेरून माप घ्यायचं आणि त्यातून एका पिनेचा व्यास वजा करायचा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर ३८ मिलिमीटर निघालं. दुसऱ्या कर्णाची तसदी मी घेतली नाही. चार भोकं चौकोनात म्हणजे शेजारच्या दोन भोकांत ३८ गुणिले ०.७०७१, म्हणजे २६.८७. हिशेब इतका सुबक आला की मी लगेच कॉम्प्युटरवर चित्र काढलं आणि छापून घेतलं.

छापण्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण तिथे बरेच फर्मे बिघडतात. प्रिंटर पानात बसवण्यासाठी चित्र आपल्या मनानं लहान करतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून चित्राच्या बाजूला १०० मिलिमीटरच्या दोन रेघा काढाव्यात, एक आडवी आणि एक उभी. छापल्यावर दोन्ही पोलादी पट्टीनं मोजाव्यात. दोन्ही कशासाठी? कागद ज्या दिशेनं सरकतो त्या दिशेचं माप आणि आडव्या दिशेचं माप यांत फरक पडू शकतो. त्यात कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो, तोही तंतूंच्या दिशेला कमी आणि आडवा जास्त. कागदावरचा फर्मा म्हणजे आजचं माप, उद्याचा भरवसा नाही. जपून ठेवायचा असेल तर ड्रॉइंगची प्लॅस्टिक फिल्म वापरावी, किंवा सरळ पत्रा.

मोबाइलवर फोटो काढून त्यावरून आकार काढणारेही पुष्कळ आहेत. मी त्यांना एकच आकडा सांगतो. कॅमेरा ३०० मिलिमीटरवर आहे, पट्टी टेबलावर ठेवली आहे आणि इंजिनाचं तोंड टेबलापासून ६ मिलिमीटर वर आहे, असं धरा. तोंड कॅमेऱ्याला तेवढंच जवळ, म्हणून दोन टक्के मोठं दिसणार. ३८ चं माप ३८.७८ होतं. पाऊण मिलिमीटर म्हणजे बोल्ट आत जाणार नाही एवढी चूक, आणि फोटो तर अगदी स्वच्छ, सुंदर! पट्टी तोंडाच्या पातळीत उचलून ठेवली आणि कॅमेरा दूर नेऊन झूम केला तर ही चूक बरीच आटोक्यात येते. पण मी फोटोवरून फर्मा करत नाही. बाह्यरेषेचा अंदाज घ्यायला तो ठीक आहे.

तर छापलेल्या चित्रावरून मी पितळी पत्रा कापला, भोकं पाडली ३.२ मिलिमीटरची, म्हणजे बोल्टाभोवती दहावा हिस्सा मिलिमीटर जागा. पत्रा क्रँककेसवर ठेवला. तीन बोल्ट मजेत गेले. चौथा अडला.

अर्थातच मी ड्रिलला दोष दिला. पातळ पत्र्यात साधं ड्रिल भोक पाडताना भरकटतं हे खरं आहे. त्याचं टोक पलीकडे निघून जातं तेव्हा कडा अजून पुरत्या धातूत शिरलेल्याही नसतात. मग धरून ठेवायला काही उरत नाही, ड्रिल थरथरतं आणि भोक गोल न होता तीन कोपऱ्यांचं होतं. म्हणून पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून मगच भोक पाडावं. पितळेला तर आणखी एक सवय आहे, ते ड्रिलला आत खेचून घेतं. ड्रिलची धार दगडावर किंचित मारून बोथट केली की खेचणं थांबतं. हे सगळं करून मी दुसरा पत्रा कापला. तीन बोल्ट गेले. चौथा अडला.

काकांकडे गेलो. त्यांनी मला मोजायला सांगितलं नाही. कानस उचलली, पत्र्याच्या एका कोपऱ्यावर एक खाच मारली आणि म्हणाले, “आता हा बसव. कुठे अडतोय ते लिही. मग पाव फेरी फिरव, परत बसव, परत लिही. चारही बाजूंनी. चूक कुणाबरोबर फिरते ते बघ.”

मी कागदावर क्रँककेसचं तोंड काढलं, चारही भोकांना आकडे दिले आणि बसलो. पहिल्यांदा खाच वर डावीकडे होती, बोल्ट अडला खाली उजवीकडे. पत्रा पाव फेरी फिरवला, खाच वर उजवीकडे गेली. बोल्ट अडला खाली उजवीकडेच. आणखी पाव फेरी, पुन्हा खाली उजवीकडे. चौथ्यांदाही तेच. पत्रा उलटा करून पुन्हा चार वेळा बसवला. आठही वेळा तोच कोपरा. पत्र्यावरचं भोक चुकलेलं असतं तर खाचेबरोबर अडचणही फिरली असती. ती जागची हलली नाही. म्हणजे पत्रा निर्दोष होता. चूक क्रँककेसमध्ये होती आणि ती इंजिनाच्या जन्मापासूनची होती.

त्या दोन फसलेल्या पत्र्यांपायी मी स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवून बसलो होतो. तो परत मिळाला, आणि त्यासाठी ना मायक्रोमीटर लागला ना डायल गेज. कानशीची एक खाच लागली. नंतर पिना घालून चारही बाजू मोजल्या तेव्हा कळलं की खाली उजवीकडचं भोक पाव मिलिमीटर आत सरकलेलं आहे. मी एकाच कर्णाचं माप घेतलं होतं, आणि तो नेमका बरोबर असलेला कर्ण होता. बाकीचा चौकोन मी मोजलेला नव्हता, गृहीत धरला होता. मूळ झाकण मग बसत कसं होतं? त्याची भोकं मोजली तर ३.५ मिलिमीटरची निघाली. ज्यानं ते केलं त्यानं कसर ठेवली होती. ‘कसर’ हा आपल्या भाषेतला फार शहाणा शब्द आहे. कमी पडलं तरी कसर आणि हिशेबानं राखलेली जागा तीही कसर.

फिरवून बघण्याची ही युक्ती जुनी आहे आणि मोजमापाच्या मुळाशी आहे. गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, खरा आहे का हे बघायला सुतार काय करतो? फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारतो, गुण्या उलटा करून त्याच बिंदूवर दुसरी रेघ मारतो. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. नाहीतर मधली फट ही चुकीच्या दुप्पट असते. उलटं केल्यानं चूक दुप्पट होऊन समोर येते, म्हणून बारीक चूकही डोळ्याला दिसते. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये सपाट पृष्ठं करण्याची जी रीत मांडली तिच्यातही हेच शहाणपण आहे. दोन पाट एकमेकांवर घासून जुळवले तर ते जुळतील खरे, पण एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असूनही ते जुळतात. तिसरा पाट आणा. तिघांना आळीपाळीनं एकमेकांशी जुळवत राहा. तिघेही एकमेकांशी जुळायचे तर तिघांना सपाट होण्यावाचून गत्यंतर नसतं. सपाटीचा नमुना आधी कुठेही नसताना सपाटी निर्माण होते. मला यात नेहमी काहीतरी पवित्र वाटत आलं आहे.

आता फर्मा क्रँककेसच्याच तोंडून वदवून घ्यायचा होता. त्याची रीत साधी आहे. कागद तोंडावर ठेवून पेन्सिल आडवी घासली तर कडा उमटतात, ही रीत सगळ्यांना माहीत असते. पण भोकांच्या कडा बहुधा किंचित उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे भोक मोठं उमटतं. घासून काढलेला ठसा भोकाचं केंद्र सांगतो, व्यास सांगत नाही. केंद्रासाठीसुद्धा त्याच्याहून चांगला उपाय म्हणजे टोकदार ग्रब स्क्रू. ग्रब स्क्रूला डोकं नसतं, आणि त्यांच्यात शंकूसारखं टोक असलेला एक प्रकार मिळतो. पण आपल्याला टोक बाहेरच्या बाजूला हवं, म्हणून तो उलटा घालायचा, आणि मग पाना लावायला जागा राहत नाही. मी दोन बोटांनी आटे धरवले आणि टोकाशी बारीक पकडीनं, मध्ये कापड घेऊन, हळूहळू फिरवत आत नेले. चारही टोकं तोंडाच्या वर अर्धा मिलिमीटर राहतील एवढेच. टोक जितकं तोंडाजवळ तितकं चांगलं. आट्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच, आणि स्क्रू जास्त बाहेर राहिला तर कलतो आणि टोक सरकतं.

पत्र्याला एका बाजूनं मार्किंगची निळी शाई लावली आणि वाळू दिली. पत्रा तोंडावर अलगद ठेवला, शाईची बाजू खाली. खालून टोकांचा स्पर्श बोटांना कळतो, पत्रा चार पायांवर उभा असल्यासारखा होतो. वर सपाट लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडीनं एकच ठोका दिला. एकच. दुसरा ठोका दिला की पत्रा केसभर सरकतो आणि प्रत्येक खुणेची जुळी खूण होते. पत्रा उचलून उलटा केला तर चार लखलखीत ठिपके. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे इवलासा खोलगट शंकू, सेंटर पंचाचं टोक त्यात आपणहून जाऊन बसतं. मी व्हर्निअर लावून बघितलं. तीन ठिपक्यांची मापं ठीक होती आणि खाली उजवीकडचा ठिपका पाव मिलिमीटर आत. इंजिनानं स्वतःचा दोष स्वतःच्या हातानं लिहून दिला होता. मी किती वेळ तो पत्रा तसाच धरून बसलो कोण जाणे.

मग खाच मारली. पुढच्या बाजूवर स्क्रायबरनं ‘वर’ असं कोरलं. आता या फर्म्याला पुढची बाजू होती, वरची बाजू होती. एकाच रीतीनं बसणारा फर्मा.

बाह्यरेषा कापताना सुतारकामातला नियम पाळला, रेघ ठेवून कापायचं आणि रेघेपर्यंत कानशीनं यायचं. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते, स्क्रायबरची रेघ तिच्या कितीतरी पट बारीक. रेघ कुठल्या बाजूनं खायची हे आधी ठरवलं नाही तर अर्धा मिलिमीटर कुठे गेला ते कळतसुद्धा नाही.

रेघ आणि धातू यांच्या नात्याचा विचार आला की मला चार्ली टेलर आठवतात. राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानातले कारागीर. १९०३ च्या विमानाचं इंजिन त्यांनी सुमारे सहा आठवड्यांत उभं केलं. नीट आखलेली ड्रॉइंग नव्हतीच. भागाविषयी बोलणं व्हायचं, कुणीतरी कागदाच्या चिठोऱ्यावर आकृती काढायचं आणि टेलर ती आपल्या टेबलावर टोचून ठेवायचे. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टननं फिरणारा इंजिनाचा वाकडा दांडा, तर त्यांनी पोलादाच्या जाडजूड पाटातून काढला. पाटावर क्रँकशाफ्टची बाह्यरेषा आखली, रेघेच्या बाहेरून एकाला एक लागून भोकं पाडली, छिन्नी-हातोड्यानं नको असलेला भाग तोडून काढला आणि उरलेला आकार लेथवर चढवला. हाताशी एक लेथ आणि एक ड्रिल प्रेस, एवढंच. शंभर पौंडांच्या आसपासचा पाट उतरत उतरत एकोणीस पौंडांचा झाला. पहिल्या चाचण्यांत बेअरिंग धरलं आणि क्रँककेस फुटली, नवी ओतून आणावी लागली. आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी तेच इंजिन विमानाला घेऊन १२ सेकंद हवेत राहिलं. त्या पाटावरची पहिली रेघ मारताना त्यांच्या हाताला काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात येतो. पुसून पुन्हा आखण्याइतकी ती रेघ हलकी होती, पण पहिलं भोक पडल्यावर मागे फिरणं नव्हतं.

माझं गॅस्केट या फर्म्यावरून कापलं तेव्हा जाडीचाही विचार करावा लागला. फर्मा लांबी-रुंदी सांगतो, जाडीबद्दल तो मुका असतो. मागच्या झाकणाखालचं गॅस्केट पातळ झालं तर झाकण पुढे सरकतं आणि आत फिरणाऱ्या क्रँकपिनला घासू शकतं. हेडखाली तर जाडीचा हिशेब आणखी नाजूक. एकवीस मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर ०.१ मिलिमीटरची एक शिम, म्हणजे धातूची पातळ चकती, वाढवली तर ज्वलनाच्या जागेत सुमारे ०.०३५ सीसीची भर पडते. ती जागा मुळात ०.६ सीसी असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ११.८ वरून ११.२ वर येतं. ग्लो इंजिनात ठिणगीची वेळ ठरवणारं वेगळं यंत्र नसतं, ज्वलन कधी सुरू होणार हे बरंचसं या कॉम्प्रेशनवर ठरतं. कागदाएवढी शिम, आणि इंजिनाचा सगळा स्वभाव बदलतो. म्हणून मी आता प्रत्येक फर्म्यावर जाडीचा आकडाही कोरतो. तापमानाची चिंता मात्र या कामात करू नये. मापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरतात, आणि ॲल्युमिनियमचा ६० मिलिमीटरचा तुकडा १० अंशांनी तापला तर वाढतो जेमतेम ०.०१४ मिलिमीटर. पिस्टन-लायनरच्या बाबतीत तो आकडा मोठा आहे. फर्म्याला तो लागू नाही.

खाच आणि ‘वर’ ही अक्षरं यांची किंमत मला पुढच्याच कामात कळली. त्याच इंजिनासाठी विमानाच्या नाकातल्या भिंतीवर माउंट, म्हणजे इंजिनाची बैठक, बसवायचं होतं. पंख्याच्या ओढीमुळे विमान डावीकडे वळू बघतं, म्हणून इंजिन किंचित उजवीकडे रोखतात, माझ्या विमानात दोन अंश. ६० मिलिमीटर रुंदीच्या माउंटला एका कडेखाली २.१ मिलिमीटरची पाचर दिली की दोन अंश येतात. इथवर सोपं आहे. पण इंजिन तिरकं झालं की पंख्याचा दांडा भिंतीपासून शंभर मिलिमीटर पुढे साडेतीन मिलिमीटर उजवीकडे जातो, आणि पंखा विमानाच्या नाकाच्या मध्यावर राहत नाही. म्हणून माउंटची भोकं आधीच साडेतीन मिलिमीटर डावीकडे घ्यायची. मी फर्मा अगदी काटेकोर केला. भोकं मात्र भिंतीच्या मागच्या बाजूनं आखली, कारण तिथून हात पोचत होता. डावं ते उजवं झालं. चूक साडेतीनची नाही, सातची. भिंत नवीन करावी लागली. त्या फर्म्यावर मी खूणच केली नव्हती.

झाकण झालं. ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम, मागे सुईचा कोनाडा, चार भोकं आपापल्या जागी. चारही बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेले, पाना फक्त शेवटच्या पाव फेरीला लागला. इंजिन स्टँडवर चढवलं, सुई अडीच आटे उघडली, पंखा फिरवला. मंद गतीवर ते तसंच राहिलं, एका सुरात. पाच मिनिटं चालवून बंद केलं आणि सांध्याभोवती पांढरा कागद फिरवला. एरंडेलाचा डाग पडला नाही.

परवा एक मित्र अगदी त्याच नमुन्याचं इंजिन घेऊन आला. त्यालाही असंच झाकण हवं होतं. मी खिळ्यावरचा फर्मा काढून त्याच्या क्रँककेसवर ठेवला, खाच वर डावीकडे. तीन बोल्ट गेले, चौथा अडला. फर्मा फिरवून बघायला त्याला सांगितलं. अडचण खाचेबरोबर फिरत गेली. त्याच्या इंजिनाची चारही भोकं बरोबर चौकोनात होती. माझ्या फर्म्यात माझ्या इंजिनाचा दोष होता आणि तो तिथे चुकीचा ठरत होता.

मी फर्मा परत खिळ्याला लावला आणि खणातून ते चार ग्रब स्क्रू काढून त्याच्या तळहातावर ठेवले. निळी शाई वाळायला थोडा वेळ लागतो, तोवर त्याला पकडीत कापड कसं धरायचं ते दाखवलं.